ज्येष्ठांचा एकाकीपणा कमी करणारे उपक्रम: चालतात कसे आणि बिघडतात कुठे

ज्येष्ठांसाठी काही करायचं ठरलं की बहुतेक ठिकाणी सुरुवात जागेपासून होते. मोठी खोली मिळते, तिथे टीव्ही, वर्तमानपत्रं, पत्त्यांचे डाव येतात, महिन्यातून एकदा व्याख्यान किंवा गाण्यांचा कार्यक्रम होतो. खोली भरतेही. पण येणाऱ्यांची नावं पाहिली तर कळतं की ही मंडळी आधीपासूनच चारचौघांत मिसळणारी आहेत. ही खोली नसती तर त्यांनी दुसरी शोधली असती. ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप केला ते घरीच आहेत. असं का होतं हे समजल्याशिवाय पुढचा खर्च करू नये.

कमी नेमकं काय करायचं आहे?

एकटं राहणं बाहेरून मोजता येतं: घरात माणसं किती, आठवड्यात भेटी किती, फोन किती. एकाकी वाटणं असं मोजता येत नाही. जशी नाती हवी आहेत आणि जशी आहेत, त्यांतलं अंतर बोचू लागलं की माणूस एकाकी होतो. म्हणून एकट्याने राहून मजेत असलेले लोक भेटतात आणि मुलं-नातवंडं अवतीभवती असताना एकाकी असलेलेही भेटतात. नोंदणीच्या अर्जात ‘तुम्ही एकटे राहता का?’ एवढंच विचारलं तर हे दुसरे लोक सुटून जातात. आजारी जोडीदाराची दिवसरात्र सेवा करणारे तर हमखास सुटतात, कारण कागदावर त्यांच्या घरात दोन माणसं असतात.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइस यांनी १९७३ साली एकाकीपणाचे दोन प्रकार मांडले, ते आजही कामाचे आहेत. एका प्रकारात मनातलं सांगावं असं एक जवळचं माणूस नसतं. दुसऱ्यात ओळखीपाळखीचा, उठण्याबसण्याचा गोतावळा नसतो. भजनाचा किंवा बागकामाचा गट दुसरी उणीव बऱ्यापैकी भरून काढतो. पन्नास वर्षांच्या सोबतीनंतर जोडीदार गेला असेल तर ती पोकळी असा गट भरू शकत नाही, आणि तशी आशाही दाखवू नये. तिथे एकास एक भेटी किंवा शोकातून सावरायला मदत करणारा लहान गट जास्त उपयोगी पडतो.

प्रश्न किती मोठा आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगात दर सहांपैकी एकाला एकाकीपणा जाणवतो, आणि त्यात सगळ्या वयांचे लोक आहेत. ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ७० अभ्यास एकत्र तपासले. एकाकी वाटणाऱ्यांमध्ये मृत्यूची शक्यता सुमारे २६ टक्क्यांनी, संपर्क तुटलेल्यांमध्ये २९ टक्क्यांनी आणि एकटे राहणाऱ्यांमध्ये ३२ टक्क्यांनी जास्त दिसली. हे आकडे वापरताना जपून. आजारपणामुळेही माणूस एकटा पडतो, त्यामुळे कशामुळे काय झालं हे अशा अभ्यासांतून पूर्ण सुटं करता येत नाही. ‘आमच्या गटात या, आयुष्य वाढवा’ असं पत्रकावर छापणं म्हणून चुकीचंच.

बोलावलं तरी लोक का येत नाहीत

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून पुढे आलेली एक गोष्ट कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. एकाकीपणा लांबला की मन सावध होतं. समोरच्याच्या चेहऱ्यावर नापसंती आधी दिसते, साध्या बोलण्यात टोमणा ऐकू येतो, ‘मी गेलो काय, न गेलो काय’ असं वाटू लागतं. मग माणूस जायचं टाळतो, टाळल्यामुळे लोक बोलवेनासे होतात आणि त्याचा अंदाज त्याच्यापुरता खरा ठरतो.

म्हणजे पहिला नकार हा शेवटचा नसतो. तीन वेगळ्या वेळी विचारावं, दोन विचारण्यांमध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत. त्यानंतरही नको म्हटलं तर मात्र मान राखावा. काहींना खरोखरच निवांतपणा आवडतो आणि त्यांना सुधारायला जाण्याचं काहीच कारण नाही.

शिकागो विद्यापीठातल्या क्रिस्टोफर मासी यांच्या गटाने २०११ मध्ये एकाकीपणावरच्या उपायांचे चार प्रकार पाडून त्यांचे परिणाम तपासले: मिसळण्याची कौशल्यं शिकवणं, आधार देणं, भेटीगाठींच्या संधी वाढवणं आणि लोकांविषयीचे मनातले चुकीचे अंदाज तपासायला मदत करणं. काटेकोर चाचण्यांमध्ये चौथ्या प्रकाराचा परिणाम सर्वांत जास्त दिसला. अशा चाचण्या मोजक्याच होत्या हे खरं, पण रोख स्पष्ट आहे. बहुतेक उपक्रम तिसऱ्या प्रकारावर थांबतात: संधी दिली, आता तुम्ही या. मन सावध झालेल्या माणसाला नुसती संधी पुरत नाही. आपली कुणाला तरी गरज आहे, आपण न गेल्यास कुणाच्या तरी लक्षात येतं, हे त्याला पुनःपुन्हा अनुभवायला मिळावं लागतं. कार्यक्रमाची सगळी आखणी या एका गोष्टीभोवती करावी, असं आमचं मत आहे.

लहान, ठरलेला गट

फिनलंडमध्ये कैसू पिट्कॅला आणि सहकाऱ्यांनी तपासलेला गट-उपक्रम या दृष्टीने नीट पाहावा. ७५ वर्षांवरचे, एकाकी वाटत असल्याचं स्वतः सांगणारे २३५ जण निवडले. त्यांतल्या निम्म्या लोकांचे सात-आठ जणांचे गट केले, उरलेल्यांना तुलनेसाठी गटाबाहेर ठेवलं. प्रत्येक गटाला दोन प्रशिक्षित संयोजक होते. आठवड्यातून एकदा, तीन महिने, एकूण १२ भेटी झाल्या. आवडीप्रमाणे कुणी कलेच्या गटात गेलं, कुणी व्यायाम आणि चर्चेच्या, तर कुणी लेखनाच्या. संयोजकांनी हळूहळू मागे सरायचं आणि शेवटी गटाने आपलं आपण भेटत राहायचं, हे सुरुवातीलाच ठरलेलं होतं.

२००९ मध्ये निष्कर्ष आले. एकाकीपणाच्या मोजपट्टीवर दोन्ही बाजूंत ठळक फरक दिसला नाही. पण गटात आलेल्यांना नवे मित्र जास्त मिळाले, आपली गरज आहे असं वाटणारे जास्त होते, आणि दोन वर्षांनी गटातले ९७ टक्के तर तुलनेसाठीचे ९० टक्के लोक हयात होते. एकाच चाचणीवर भिस्त ठेवू नये. रचना मात्र उचलण्याजोगी आहे. तेच चेहरे, ठरावीक भेटी, हाताला काम आणि संयोजकाची ठरवून केलेली माघार.

आठ जणांचा गट हवा असेल तर दहा जणांना पक्कं करावं. आजारपण, पाहुणे, दवाखाना यांमुळे दर वेळी एक-दोन कमी असतातच. पाचच्या खाली संख्या गेली की कुणाला तरी सतत बोलत राहावं लागतं आणि दमायला होतं. बाराच्या वर गेली की कोपरे तयार होतात, लाजाळू माणूस भिंतीला चिकटतो. ‘केव्हाही या, कुणीही या’ हे ऐकायला उदार वाटतं, पण दर वेळी अर्धे चेहरे नवे असतील तर ओळख नावापुढे जात नाही. म्हणून पहिले १२ आठवडे गटात नवी माणसं घेऊ नयेत.

माणसं शोधायची कशी

पत्रक चिकटवून एकाकी माणूस येत नाही. त्याच्या घरापर्यंत किंवा तो जिथे जातोच तिथपर्यंत ज्यांची ये-जा आहे त्यांना गाठावं: नेहमीचे डॉक्टर, औषधाचं दुकान, घरी येणाऱ्या परिचारिका, पोस्टमन, श्रवणयंत्र बसवून देणारे. त्यांना लांबलचक अर्ज देऊ नये. तीन खुणा सांगाव्यात: गेल्या वर्षभरात जोडीदार गेला आहे किंवा घर बदललं आहे, बाहेर पडणं अलीकडे कमी झालं आहे, कामाशिवाय बोलण्यासाठी रेंगाळतात. अशा माणसाची परवानगी घेऊनच त्याचं नाव आणि फोन समन्वयकाकडे यावा. इंग्लंडमधल्या सरकारी आरोग्यसेवेत दवाखान्यांना जोडलेले खास कार्यकर्ते असतात. डॉक्टर रुग्णाला त्यांच्याकडे पाठवतात आणि ते गावातल्या गटांशी गाठ घालून देतात. एवढी यंत्रणा नसली तरी एक नाव आणि एक फोन नंबर पुरतो. फक्त तो फोन उचलला जायला हवा.

गटाच्या नावात ‘एकाकी’ हा शब्द नको. त्या पाटीखालून आत जायला कुणालाच आवडणार नाही. कामाचं नाव द्यावं: वाचन, दुरुस्ती, रोपं, विणकाम, जुने फोटो.

बोलावताना ‘तुम्हाला बरं वाटेल’ यापेक्षा ‘तुमची मदत हवी आहे’ हे जास्त लागू पडतं, अट एवढीच की ते खरं असावं. ‘मंगळवारी चार वाजता जुन्या नकाशांवर नावं लिहायची आहेत, तुमचं अक्षर चांगलं आहे असं कळलं, मी साडेतीनला घ्यायला येईन’ या वाक्यात दिवस, वेळ, काम आणि सोबत सगळं आलं. पहिल्या दोन भेटींना कुणीतरी घरापासून सोबत यावं. दाराशी पोहोचून परत फिरणारे खूप असतात.

पुरुषांच्या बाबतीत कामाचं निमित्त आणखी महत्त्वाचं ठरतं. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात सुरू झालेल्या ‘मेन्स शेड’ या सामाईक कार्यशाळांमध्ये वयस्क पुरुष सुतारकाम, सायकलींची दुरुस्ती, खेळणी बनवणं अशी कामं करतात. पुरुष समोरासमोर नव्हे, खांद्याला खांदा लावून बोलतात, असं तिथे म्हणतात. गोलात खुर्च्या मांडून ‘आता मन मोकळं करा’ म्हटलं की अनेक पुरुष पुढच्या आठवड्यात येत नाहीत. हातात रंधा असला की तीच माणसं आपण होऊन बायकोच्या आजारपणाबद्दल बोलतात.

खोली, खुर्च्या, आवाज

ऐकू कमी येणं हे गळतीचं सर्वांत दुर्लक्षित कारण आहे. माणूस दोनदा ‘काय म्हणालात?’ विचारतो, तिसऱ्यांदा नुसता हसतो आणि चौथ्या आठवड्यात येत नाही. त्यामुळे उंच छताची, घुमणारी खोली टाळावी. जमिनीवर सतरंजी आणि खिडक्यांना जाड पडदे असले तर घुमणं कमी होतं. खडखडणारा पंखा आणि मागे लावलेलं संगीत बंद असावं. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड पडावा, त्याच्या पाठीमागे खिडकी नको, कारण ओठ दिसले तर अर्धं काम होतं. एका वेळी एकानेच बोलायचं हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा आणि संयोजकांनी आधी स्वतः पाळावा.

खुर्च्या हातांच्या, आसन साधारण ४५ सेंटिमीटर उंचीचं; खोल सोफ्यातून गुडघेदुखीचा माणूस उठू शकत नाही. स्वच्छतागृह त्याच मजल्यावर, जवळ आणि आधाराला दांडी असलेलं हवं. लघवी रोखता न येण्याच्या भीतीने घराबाहेर न पडणारे पुष्कळ असतात आणि कारण विचारलं तर वेगळंच सांगतात. म्हणून स्वच्छतागृह कुठे आहे हे पहिल्या फोनमध्येच सहज सांगून टाकावं. कागदांवरची अक्षरं १६ ते १८ पॉइंटची. पहिल्या चार भेटींत सगळ्यांच्या छातीवर नावाची मोठी चिठ्ठी, संयोजकांच्याही. वेळ अशी ठरवावी की अंधार पडण्यापूर्वी माणूस घरी पोहोचेल. एकदा ठरलेला वार बदलू नये.

दीड ते दोन तास पुरतात. पहिली दहा-पंधरा मिनिटं स्थिरावण्यात जातात. मग सोपा प्रश्न घेऊन एक फेरी, जसं की ‘पहिली नोकरी कुठे केली?’ किंवा ‘घरातली सर्वांत जुनी वस्तू कोणती?’. नाती, मुलं, आजार यांवरचे प्रश्न पहिल्या तीन आठवड्यांत नकोत. त्यानंतर पाऊण तास काम आणि मध्ये पंधरा-वीस मिनिटांची मोकळी सुटी. उशीर झाला की संयोजक नेमकी हीच सुटी कापतात. ती कापू नये, मैत्री तिथेच होते.

तिसऱ्या आठवड्यापासून कामं वाटून द्यावीत. कुणी किल्ली सांभाळेल, कुणी हजेरी लिहील, कुणी पुढच्या वेळचं साहित्य आणेल. सर्वांत मोलाचं काम म्हणजे न आलेल्याला त्याच संध्याकाळी फोन करणं. ‘का आला नाहीत?’ असं विचारण्यापेक्षा ‘आज तुमची आठवण निघाली, हे हे झालं, पुढच्या मंगळवारी रंगकाम आहे’ असं सांगावं. फोन संयोजकाने नव्हे, गटातल्या माणसाने करायचा. सारखं घेणाऱ्याच्या जागी बसलेला माणूस संकोचतो. देण्याची संधी मिळाली की ताठ बसतो.

घराबाहेर पडता येत नसेल तर

अमेरिकेत टेक्सासमध्ये झालेल्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत घरपोच जेवण घेणाऱ्या २४० जणांपैकी निम्म्यांना चार आठवडे फोन केले गेले. फोन करणारे १७ ते २३ वर्षांचे तरुण होते, तज्ज्ञ नव्हते. सहानुभूतीने ऐकण्याचं थोडं प्रशिक्षण त्यांना दिलं होतं. पहिले पाच दिवस रोज फोन, नंतर किती वेळा हवा ते समोरच्याने ठरवायचं, विषयही त्यानेच निवडायचा. एकाकीपणा, चिंता आणि उदासी तिन्ही कमी झाल्याचं दिसलं. आठवड्यातून एकदा तासभर बोलण्यापेक्षा सुरुवातीला रोज दहा मिनिटं बोलून ओळख पक्की करावी, हा यातला घेण्यासारखा भाग.

घरी भेटायला जाणाऱ्या स्वयंसेवकांच्या उपक्रमात धोके जास्त आहेत, म्हणून नियम कडक हवेत. ओळखपत्राची पडताळणी आणि दोन ओळखीच्यांचा हवाला. पहिल्या भेटीला समन्वयक सोबत. पैसे उसने देणं-घेणं नाही, बँकेचं काम नाही, कोणत्याही कागदावर साक्षीदार म्हणून सही नाही, भेटवस्तू नाहीत. किमान सहा महिन्यांची बांधिलकी. सोडायचं असेल तर एक महिना आधी सांगून, शेवटची भेट रीतसर घेऊन सोडायचं. अचानक येणं बंद करणारा स्वयंसेवक मुळीच न आलेल्यापेक्षा जास्त दुखावून जातो. जोड्या लावताना वय आणि पत्ता दुय्यम, आवड आधी पाहावी. बुद्धिबळ खेळणाऱ्याकडे बुद्धिबळ येणारा पाठवावा.

मोबाइल आणि व्हिडिओ कॉल शिकवायचे असतील तर प्रत्येकाच्या स्वतःच्याच फोनवर, शेजारी बसून, पायऱ्या मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून देऊन. फसवणुकीचे फोन कसे ओळखायचे हे पहिल्याच तासात. शिकल्यावर फोन करायला कुणी नसेल तर हे कौशल्य आठवड्यात विसरलं जातं.

उपयोग होतोय का, हे कसं कळणार

हजेरीवरून कळत नाही. तीन प्रश्नांची एक प्रचलित मोजपट्टी आहे, २००४ साली तयार केलेली: सोबतीची उणीव किती वेळा जाणवते? आपल्याला वगळलं जातंय असं किती वेळा वाटतं? इतरांपासून तुटल्यासारखं किती वेळा वाटतं? ‘क्वचितच’ला १, ‘कधीकधी’ला २, ‘बऱ्याचदा’ला ३ गुण. बेरीज ३ ते ९ येते. अनेक सर्वेक्षणांत ६ किंवा जास्त गुण म्हणजे एकाकी असं धरतात. सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि गट स्वतंत्र झाल्यावर सहा महिन्यांनी विचारावं. प्रश्न संयोजकाने विचारू नयेत, कारण त्याला वाईट वाटू नये म्हणून लोक चांगलीच उत्तरं देतात. आणखी एक फसगत अशी की लोक बहुधा सर्वांत वाईट काळात गटात येतात आणि काही जण काहीही न करता सावरतात. जागा नसल्यामुळे वाट पाहणाऱ्यांनाही हेच प्रश्न विचारले तर खरा फरक दिसतो.

एकाकीपणा आणि नैराश्य एक नव्हेत. जेवण तुटलं, झोप उडाली, आवडीच्या गोष्टीतही रस राहिला नाही आणि हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर गट पुरेसा नाही, डॉक्टर हवेत. ‘जगून काय करायचं?’ असं कुणी म्हणालं तर विषय बदलू नये. आत्महत्येचा विचार येतो का, हे थेट विचारावं. विचारल्यामुळे तो विचार मनात पेरला जात नाही. उत्तर होकारार्थी असेल तर त्या माणसाला एकटं न सोडता लगेच वैद्यकीय मदत मिळवावी.

गटातलं कुणी वारलं तर बातमी पुढच्या भेटीत सगळ्यांसमोर नव्हे, त्याआधी एकेकाला फोनवर कळवावी. त्या दिवशी ठरलेलं काम बाजूला ठेवून त्यांच्याविषयी बोलू द्यावं. विस्मरण वाढत असलेल्या सदस्याला गुपचूप वगळण्यापेक्षा त्याच्या शेजारी एक ठरलेला सोबती बसवावा आणि काम सोपं करून द्यावं. सतत बोलणाऱ्या माणसाला टोकण्याऐवजी वेळ पाहण्याचं काम द्यावं. बऱ्याचदा एवढ्याने भागतं.

पैसे कमी पडले की सगळ्यात आधी ने-आण बंद होते आणि समन्वयकाचे तास कापले जातात. हे उलटं आहे. खोली साधी चालते, साहित्य मागून मिळतं, कार्यक्रमपत्रिका छापली नाही तरी काही अडत नाही. गाडी बंद झाली की ज्यांच्यासाठी गट काढला तेच आधी गळतात.

बाराव्या आठवड्याची तयारी आठव्यापासून करावी. खोलीची किल्ली, फोनची यादी, पुढच्या सहा महिन्यांसाठी जागा राखून ठेवल्याचा कागद हे सगळं गटाच्या हाती द्यावं. नवव्या आठवड्यात संयोजकांनी अर्धा वेळ बाहेर बसावं, अकराव्यात एकानेच यावं. त्यानंतर महिन्यातून एकदा डोकावावं आणि फोनवर हजर राहावं. नवे सदस्य घ्यायचे तर दोघांना एकदम घ्यावं. एकटा नवा माणूस सगळ्यांच्या नजरेखाली येतो. दोघं असले की निदान एकमेकांशी बोलतात.